अंतराळात डेंटिस्ट नसतो: उड्डाणाआधी, वर असताना आणि परत आल्यावर दातांची आणि चेहऱ्याची काळजी कशी घ्यायची

माझं क्लिनिक सिंहगड रोडला आहे, खडकवासल्याच्या वाटेवर, त्यामुळे एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, तयारी करणारी मुलं वर्षभर येत असतात. आधी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "डॉक्टर, मेडिकलला दात आडवे येतील का?" पण भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये अंतराळ स्थानकावर जाऊन आले तेव्हापासून प्रश्न जरा वरच्या दिशेला गेलेत. बारावीतला एक मुलगा आईबरोबर आला होता, खालच्या दाढेत कीड, आणि खुर्चीत बसल्या बसल्या विचारतो, "वर गेल्यावर दाढ दुखायला लागली तर काय करतात?" आई म्हणाली, "अरे आधी इथे दुखतीये तिचं बघूया." पण मला तो प्रश्न फार आवडला, कारण राकेश शर्मा १९६६ साली याच खडकवासल्याला एनडीएत दाखल झाले होते आणि शुक्लाही इथलेच कॅडेट, म्हणजे आपल्याकडच्या मुलाने हे विचारणं अजिबात हवेतलं नाहीये. त्याला दहा मिनिटांत जे सांगता आलं नाही ते सगळं इथे लिहितोय. ज्यांना वर जायचंय त्यांच्यासाठी आहेच, पण लेहला, लांबच्या ट्रेकला किंवा सहा महिने जहाजावर जाणाऱ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी एक खरी घटना. डिसेंबर १९७७ मध्ये युरी रोमानेन्को आणि गिओर्गी ग्रेच्को हे सोव्हिएत अंतराळवीर सॅल्यूत ६ या स्थानकावर गेले आणि ९६ दिवस राहून मार्च १९७८ मध्ये परतले, त्या काळचा विक्रम होता तो. शेवटचे साधारण दोन आठवडे रोमानेन्कोंची दाढ ठणकत होती. वर दाताचा काही इलाज करायची सोयच नव्हती, खालून सल्ला मिळाला तो कोमट पाण्याने गुळण्या करा आणि गाल उबदार ठेवा एवढाच. आपल्याकडे आजी सांगते तेच. परत येईपर्यंत दाढेची नस उघडी पडली होती. इतकं मोठं यान, इतकी माणसं खाली कंट्रोल रूममध्ये, आणि एका दाढेपुढे सगळे हतबल. म्हणून दातांच्या बाबतीत अंतराळप्रवासाची जवळजवळ सगळी तयारी जमिनीवरच संपवावी लागते.

पायरी १: निदान वर्षभर आधी सुरुवात

लोकांना वाटतं जायच्या आधी पंधरा दिवस एकदा दाखवून आलं की झालं. तसं होत नाही. रूट कॅनॉल केलं, त्यावर कॅप बसवली, तरी मुळाच्या टोकाशी असलेला पस खरंच भरून आला का हे एक्स-रेत दिसायला सहा-सहा महिने जातात. अक्कलदाढ काढली तर हिरडी दोन-तीन आठवड्यांत बंद होते पण खालच्या हाडाचा खड्डा भरायला कित्येक महिने लागतात. इम्प्लांट हाडात पक्कं व्हायलाही तीन-चार महिने धरून चाला. म्हणजे वर्ष हा काही चैनीचा आकडा नाही.

पहिल्या भेटीत सगळ्या जबड्याचा मोठा एक्स-रे म्हणजे ओपीजी, आणि शिवाय जिथे जुनं फिलिंग किंवा कॅप आहे तिथले छोटे एक्स-रे. फक्त ओपीजीवर समाधान मानू नका, दोन दाढांच्या मधली बारीक कीड त्यात नीट दिसत नाही. मग कामाचा क्रम असा लावा की ज्याला भरून यायला जास्त वेळ लागतो ते आधी. अर्धवट आलेली अक्कलदाढ पहिल्या नंबरवर, तिच्यावर हिरडीचा पदर असतो, त्याखाली अन्न अडकतं, वर्षातून दोनदा सुजते, आणि "आत्ता तर दुखत नाहीये" हे तिला ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही. मग रूट कॅनॉल, मग कॅपा, मग फिलिंगं, आणि स्केलिंग म्हणजे दातांची सफाई तर सुरुवातीला एकदा आणि जायच्या आधी परत एकदा.

एनडीएवाल्यांसाठी इथेच एक सांगून टाकतो, कारण अर्धी मुलं यात गोंधळलेली असतात. सैन्यदलाच्या मेडिकलमध्ये दातांना पॉइंट्स असतात, किमान १४ लागतात. पुढचे दात, सुळे आणि उपदाढा यांना १ पॉइंट, मोठ्या दाढेला २, पण समोरच्या जबड्यातला जोडीदार जागेवर असेल आणि दोघं नीट एकमेकांवर बसत असतील तरच. ३२ दात छान असतील तर २२ होतात, अक्कलदाढांची वाढ अपुरी असेल तर २०. म्हणजे खालची एक दाढ काढून टाकली की वरची चांगली दाढही मोजणीतून जाते. म्हणून कीड लागलेली दाढ वाचवता येत असेल तर वाचवा, स्वस्तात पडतं म्हणून उपटून मोकळं होऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

पायरी २: दातात कोंडलेली हवा शोधा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे जरा थांबून वाचा.

बाहेरचा दाब कमी झाला की कोंडलेली हवा फुगते. चिप्सचं पाकीट विमानात टम्म होतं ते बघितलं असेल. आता हीच हवा फिलिंगच्या खालच्या बारीक पोकळीत, मेलेल्या नसेच्या जागी किंवा मुळाशी असलेल्या पसात कोंडली असेल तर तिला फुगायला जागाच नसते, दाताच्या भिंती काही पाकिटासारख्या ताणत नाहीत, मग जिवंत नस असेल तर ती दाबली जाते आणि कळ येते. दाब बदलल्यामुळे होणाऱ्या या दातदुखीला बॅरोडोंटाल्जिया म्हणतात, दुसऱ्या महायुद्धात उंच उडणाऱ्या वैमानिकांमध्ये ही नीट लक्षात आली.

आकडे बघा म्हणजे अंदाज येईल. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, सिंहगड १३०० च्या आसपास, तेवढ्याने कुणाची दाढ दुखत नाही. प्रवासी विमानात केबिनचा दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात, तिथे काहींना त्रास सुरू होतो. अंतराळ स्थानकाच्या आत मात्र समुद्रसपाटीएवढाच दाब असतो, १०१ किलोपास्कलच्या आसपास, त्यामुळे आत असताना या बाबतीत चिंता नाही. खरी परीक्षा स्पेसवॉकच्या, म्हणजे स्पेससूट घालून स्थानकाबाहेर पडायच्या, दिवशी. अमेरिकन स्पेससूटमध्ये दाब फक्त ४.३ पीएसआय म्हणजे ३० किलोपास्कलच्याही किंचित खाली असतो, एव्हरेस्टच्या माथ्यावर असतो त्यापेक्षाही कमी, आणि आत शुद्ध ऑक्सिजन भरलेला. कोंडलेली हवा अशा वेळी तिप्पटीहून जास्त फुगू पाहते. आणि स्पेसवॉक चालतो सहा-सात तास, हेल्मेट बंद, गालावर साधा हात ठेवता येत नाही.

माझा एक पेशंट रूट कॅनॉल अर्धवट सोडून लेहला गेला. दोन सिटिंग झाल्या, दुखायचं थांबलं, म्हणून तिसरी आल्यावर बघू म्हणाला. विमान वर चढताना कळ सुरू झाली ती लेहमध्ये चार दिवस तशीच, लवंग धरून बसला होता. नस काढलेल्या पण न भरलेल्या पोकळीत हवा आणि जंतू दोन्ही कोंडले होते. त्याने फोनवर ज्या आवाजात सांगितलं ते आठवलं की आजही मी कुणाला अर्धवट रूट कॅनॉलवर प्रवासाला जाऊ देत नाही.

दुखतं कधी यावरून कारणाचा बराच अंदाज येतो, हे लिहून ठेवा. वर चढताना तीक्ष्ण कळ आली तर नस जिवंत आहे पण सुजलेली आहे. खाली उतरताना बोथट ठणका लागला तर बहुतेक नस मेलेली असते. चढतानाही आणि उतरतानाही जोरात दुखत राहिलं तर मुळाशी पस आहे असं धरा. आणि उतरताना वरच्या दोन-तीन दाढा एकदम दुखायला लागल्या तर दातापेक्षा सायनसचा संशय आधी घ्यायचा.

घरच्या घरी तपासायचं असेल तर थंड पाण्याचा घोट त्या बाजूला धरा. झिणझिणी आली आणि पाणी काढताच गेली तर बहुतेक वेळा साधं फिलिंग पुरतं. पाणी काढल्यावरही अर्धा-एक मिनिट ठणकत राहिलं तर नस वाचण्याची शक्यता कमी, एक्स-रे काढाच. आणि ज्या किडक्या दाताला थंड काहीच लागत नाही त्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण तो बरा झालेला नसतो, त्याची नस गेलेली असू शकते.

डॉक्टरांकडून काय करून घ्यायचं? खोल किडीवर फिलिंगखाली पोकळी राहू द्यायची नाही. सुरू केलेलं रूट कॅनॉल पूर्ण भरून बंद झालंच पाहिजे. कॅप चिकटवताना रेझिन सिमेंट वापरा असं सांगा, कारण दाब वारंवार कमीजास्त करून केलेल्या चाचण्यांमध्ये झिंक फॉस्फेट आणि ग्लास आयोनोमर सिमेंटची पकड कमी झाली, रेझिनची टिकली. वर कॅप सुटली तर ती खाली पडत नाही, तोंडात तरंगते, आणि श्वासाबरोबर आत गेली तर दातापेक्षा फार मोठं संकट उभं राहतं. दात काढल्यावर किंवा मोठं काम झाल्यावर वैमानिकांना साधारण २४ ते ७२ तास उडू देत नाहीत, विमानाने जाणाऱ्या सगळ्यांनीच हे पाळलेलं बरं.

पायरी ३: चेहऱ्याचे फोटो आणि सायनस

वजनरहित अवस्थेत पायांकडचं पाणी वर सरकतं, साधारण दोन लिटर. पाय बारीक होतात, चेहरा सुजल्यासारखा गोल दिसतो, डोळे बारीक, सुरकुत्या जवळजवळ गायब, नाक चोंदलेलं. शुक्लांनीही वर पोचल्यावर डोकं थोडं जड वाटतंय असं सांगितलं होतं. कसं वाटत असेल याची चुणूक हवी असेल तर पलंगावर पाठीवर पडून पाय दोन-तीन उशांवर ठेवा आणि डोक्याखालची उशी काढा, दहा मिनिटांत नाक आणि कपाळ भरल्यासारखं होतं. बीपी किंवा काचबिंदू असेल तर मात्र हे करू नका.

आता डेंटिस्ट म्हणून मला यात एक वेगळीच अडचण दिसते. इथे एका बाजूचा गाल थोडा जरी सुजला तरी घरचे लगेच ओळखतात, दाढेत पस झालाय. वर सगळ्यांचाच चेहरा सुजलेला, मग सुरुवातीची सूज कळणार कशी? म्हणून माझा सल्ला असा की जायच्या आधी समोरून, डावीकडून आणि उजवीकडून एकाच उजेडात फोटो काढून ठेवायचे, वर गेल्यावर आठवड्याने पुन्हा तसेच काढायचे आणि पुढची तुलना या दुसऱ्या सेटशी करायची. एकच बाजू वाढत गेली तर ती पाण्याची सूज नाही.

सायनसचं पण तसंच. वरच्या मागच्या दाढांची मुळं सायनसला अगदी खेटून असतात, त्यामुळे सायनस भरला की दाढा दुखतात. आपण पेशंटला पुढे वाकायला सांगतो, वाकल्यावर दुखणं वाढलं तर सायनस. पण ही युक्ती गुरुत्वाकर्षणावर चालते, वर वाकून काहीच फरक पडणार नाही. तिथे चमच्याच्या दांड्याने एकेक दात हलकेच ठोकून बघायचा, एकच दात दुखला तर दात, ओळीने तीन-चार दुखले तर सायनस. कान मोकळे करायला स्पेससूटच्या हेल्मेटमध्ये नाक दाबून धरता येईल असा एक छोटा फोमचा ठोकळा असतो, हात आत नेता येत नाही म्हणून केलेली सोय. ज्यांना सर्दी-सायनसचा जुना त्रास आहे, आणि आपल्या पुण्यात पावसाळ्यानंतर असे लोक कमी नाहीत, त्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञाला याच वर्षात दाखवून घ्यावं.

पायरी ४: खाणं

नाक चोंदलं की चव फिकी लागते, म्हणून बऱ्याच अंतराळवीरांना वर तिखट सॉस लागतो, आपण सर्दी झाल्यावर ठेचा मागतो तसं. त्याने दातांना काही होत नाही. जपायचं ते गोड आणि चिकट गोष्टींना. शुक्ला बरोबर गाजराचा हलवा, मुगाच्या डाळीचा हलवा आणि आंब्याचा रस घेऊन गेले होते, आणि न्यावंच, घरची चव महत्त्वाची असते, फक्त ते जेवणाबरोबर एकदाच खायचं, दिवसभर चमचा-चमचा नाही. कीड साखरेच्या वजनापेक्षा ती किती वेळा तोंडात येते यावर जास्त ठरते. भुगा पडणारं काहीही नको, तुकडे तरंगून डोळ्यात जातात, म्हणूनच तिथे ब्रेडच्या ऐवजी पोळीसारखा टॉर्टिया खातात. बाकरवडी घरीच राहू दे.

पायरी ५: घोटभर पाण्यात ब्रश

बेसिन नाही, नळ नाही, थुंकायला जागा नाही, हे घरी सराव करून बघण्यासारखं आहे. पाण्याच्या पिशवीच्या नळीतून एक थेंब बाहेर काढायचा, तो गोळा होऊन ब्रशला चिकटतो. वाटाण्याएवढीच पेस्ट. ओठ मिटून, छोट्या छोट्या गोल हालचालींनी, हिरडीच्या कडेला ब्रश तिरका धरून दोन मिनिटं. जोरात फरफर घासलं की फेस बाहेर येऊन तरंगतो. शेवटी एक घोट पाणी तोंडात फिरवून एकतर गिळायचं नाहीतर टॉवेलमध्ये टिपायचं, ब्रश तोंडातच थोड्या पाण्याने साफ करून टॉवेलला पुसायचा आणि वेल्क्रोने भिंतीला अडकवायचा. मोठ्या माणसाने वाटाण्याएवढी पेस्ट गिळली तर बिघडत नाही, पण हा सराव बघून घरातली सहा वर्षांखालची मुलं नक्कल करतील, त्यांना फ्लोराइडची पेस्ट गिळू देऊ नका.

फ्लॉस मात्र सोडायचा नाही. ट्रेकला जाणाऱ्या मंडळींनीही ही घोटभर पाण्याची पद्धत आठवडाभर करून बघावी, गडावर पाणी किती वाचतं ते कळेल.

पायरी ६: लाळ आणि हिरड्या

ताण, कमी झोप, रेडिएशन, यामुळे वर प्रतिकारशक्ती थोडी ढिली पडते आणि शरीरात झोपलेले विषाणू जागे होतात. नासाच्या तपासण्यांत छोट्या शटल मोहिमांवरच्या ८९ पैकी ४७ आणि स्थानकावर लांब राहिलेल्या २३ पैकी १४ अंतराळवीरांच्या लाळेत किंवा लघवीत हर्पीस गटातले विषाणू सापडले. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला बारीक फोडांचा पुंजका उठतो तो याच गटातला, कांजिण्या आणि नागीणही यातलीच. बहुतेकांना लक्षणं काही नव्हती, पण लाळेतून ते दुसऱ्याकडे जाऊ शकतात, म्हणून बाटली, चमचा, टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा. ज्यांना वारंवार ओठावर फोड येतात त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

स्कायलॅब या जुन्या अमेरिकन अंतराळ स्थानकावरच्या मोहिमांमध्ये, म्हणजे १९७३-७४ साली, अंतराळवीरांच्या तोंडातले नमुने आधी आणि नंतर तपासले होते, तेव्हाही काही जातींचे जंतू वाढलेले दिसले. माझ्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे, जाताना हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते वर गेल्यावर कमी होण्याची काही आशा नाही. ब्रश करताना गुलाबी थुंकी दिसते का बघा, दिसत असेल तर अजून तयारी झालेली नाही.

पायरी ७: जबड्याचं हाड

वर कंबरेच्या आणि पायांच्या हाडांची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्का कमी होते, कारण त्यांच्यावर भारच नसतो, म्हणून रोज दोनेक तास व्यायाम करावा लागतो. जबड्याचं थोडं वेगळं आहे, तो वजनावर नाही तर चावण्यावर जगतो. म्हणून सगळंच मऊ आणि पातळ खाऊ नका, दोन्ही बाजूंनी चावा. एका बाजूची दाढ नाही म्हणून वर्षानुवर्षं एकाच बाजूने खाणारे लोक मी रोज बघतो, त्यांनी आधी ती जागा भरून घ्यावी.

पायरी ८: तरीही दुखलंच तर

आता स्थानकावर दातांचं किट असतं. भूल द्यायचं इंजेक्शन, तात्पुरतं भरायचं सिमेंट, दात काढायचे चिमटे. चमूतल्या एकाला वैद्यकीय ट्रेनिंग दिलेलं असतं पण तो बऱ्याचदा इंजिनिअर किंवा पायलट असतो, आणि खालचे डॉक्टर त्याला बोलून मार्गदर्शन करतात. क्रम असा ठेवायचा: कुठला दात ते ठोकून नक्की करा, फोटो खाली पाठवा, फ्लॉस करून अडकलेलं काढा कारण कधीकधी तेवढंच असतं, मग सांगतील ती वेदनाशामक गोळी. फिलिंग पडलं असेल तर कापसाने कोरडं करून तात्पुरतं सिमेंट दाबा. पस असेल तर अँटिबायोटिक. दात काढणं अगदी शेवटचं, कारण तिथे जोर लावला की पेशंट आणि काढणारा दोघंही उलट दिशांना सरकतात, दोघांना पट्ट्यांनी बांधावं लागतं, आणि रक्त ओघळत नाही, जखमेवरच गोळा होऊन राहतं, ते सतत टिपत राहायचं.

स्थानकावरून गरज पडली तर माणसाला काही तासांत खाली आणता येतं. मंगळाचं तसं नाही, एका बाजूचाच प्रवास सहा-नऊ महिने, आणि खालून बोललेला शब्द पोचायला अंतरानुसार ३ ते २२ मिनिटं. "आता चिमटा थोडा डावीकडे" असं कुणी वेळेवर सांगू शकणार नाही.

पायरी ९: परत आल्यावर

चेहऱ्याची सूज लवकर उतरते. पहिल्या आठवड्यात दात तपासून घ्या, आधीच्याच जागांचे एक्स-रे पुन्हा काढून शेजारी ठेवून बघा, हिरड्यांची खोली मोजून आधीच्या आकड्यांशी ताडा, कॅपा हलतात का बघा. मग तीन महिन्यांनी परत एकदा, कारण मुळाशी सुरू झालेली गोष्ट एक्स-रेत उशिरा दिसते. अक्कलदाढ काढण्यासारखी न घाईची कामं मात्र शरीर गुरुत्वाकर्षणाला सरावल्यावरच करा.

त्या बारावीतल्या मुलाची दाढ वाचली, नस जिवंत होती, फिलिंग केलं. खालच्या दोन्ही अक्कलदाढा अजून हाडात आहेत, त्याला एक वर्षाने ओपीजीला बोलावलंय, आणि घोटभर पाण्यात ब्रश करायला त्याने त्याच रात्री सुरुवात केली असं आईने फोनवर सांगितलं.